घरच्या गॅरेजसाठी मोठा कॉम्प्रेसर निवडताना करायचा हवेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांकडे दोन गाड्या मावतील एवढे गॅरेज आहे. सुट्टीच्या दिवसांत ते जुन्या गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग, घासकाम आणि छोट्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे बंद पेटीत, सँडब्लास्टिंग (हवेच्या जोराने वाळूचा मारा करून गंज-रंग काढणे) करतात. सध्याचा ५० लिटरचा डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याविना, पंप थेट मोटरला जोडलेला) कॉम्प्रेसर सतत चालू राहतो आणि तरीही दाब टिकवत नाही. त्यांच्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला ३ एचपी मोटर, सिंगल स्टेज (हवा एकाच टप्प्यात दाबणारा) पंप, ५०० लिटरची टाकी आणि कमाल ८ बार दाबाचा (१ बार म्हणजे जवळपास वातावरणाएवढा दाब). दुसरा ५ एचपी मोटर, टू स्टेज (दोन टप्प्यांत दाबणारा) पंप, २५० लिटरची टाकी आणि कमाल १२ बार दाबाचा. टाकी दुप्पट मोठी असल्यामुळे पहिला घ्यावा असे त्यांना वाटते, आणि दुसऱ्यासाठी विजेची जोडणी बदलावी लागेल अशी धास्तीही आहे.

माझा सल्ला दुसऱ्या कॉम्प्रेसरच्या बाजूने आहे. वीज खरोखरच आड येत असेल तर आधी विजेची सोय करावी आणि मग तोच घ्यावा. कॉम्प्रेसर बसवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या कामात मला सर्वांत जास्त निराश ग्राहक भेटले ते मोठी टाकी पाहून भुललेले, म्हणून कारणे सविस्तर मांडतो.

टाकी हवा निर्माण करत नाही, साठवते. हवा येते ती पंपातून. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण कॉम्प्रेसरला तंतोतंत लागू पडते. आपल्या कामांतील सर्वांत खादाड काम सँडब्लास्टिंगचे आहे. कॅबिनेटच्या गनला ३.२ मिलिमीटरचे नोझल असेल, तर साडेपाच ते सात बार दाबाला ते १७ ते २० सीएफएम (मिनिटाला घनफूट; १ घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर) हवा खाते. आपण १८ धरू. पहिल्या कॉम्प्रेसरचा ३ एचपी पंप प्रत्यक्षात ९ सीएफएमच्या आसपास हवा देईल. म्हणजे दर मिनिटाला ९ घनफुटांची तूट, अर्थात सुमारे २५५ लिटर हवा टाकीतून उचलली जाणार. टाकी ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत तिच्यातून मिळणारी हवा म्हणजे २ गुणिले ५००, एक हजार लिटर. ती चार मिनिटांत संपते. त्यानंतर टाकी पुन्हा भरायला त्याच पंपाला आणखी चार मिनिटे लागतात. चार मिनिटे काम आणि चार मिनिटे प्रतीक्षा, आणि या सगळ्या वेळात पंपाला क्षणाचीही विश्रांती नाही. सध्याच्या ५० लिटरच्या यंत्राची जी तक्रार आहे तीच इथेही राहील, फक्त जरा उशिरा सुरू होईल.

हाच हिशेब दुसऱ्या कॉम्प्रेसरला लावू. टू स्टेज ५ एचपी पंपाकडून १७ सीएफएमची अपेक्षा रास्त आहे, त्यामुळे तूट जेमतेम १ सीएफएम उरते. शिवाय टाकी १२ बारपर्यंत भरत असल्यामुळे १२ वरून ६ बारवर येताना ती ६ गुणिले २५०, म्हणजे १५०० लिटर हवा देते. आकाराने निम्मी असलेली टाकी कामाला येणारी हवा दीडपट साठवते, कारण साठा ठरतो तो टाकीचे आकारमान आणि दाबातील फरक यांच्या गुणाकाराने. या यंत्रावर सँडब्लास्टिंग करताना आपला हात आधी थकेल.

नोझलबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. नोझल झिजते आणि हवेची मागणी छिद्राच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३.२ मिलिमीटरचे छिद्र झिजून ४.८ मिलिमीटर झाले की मागणी सव्वादोन पट होते आणि १७ सीएफएमची जागा ३८ सीएफएम घेतात. कॉम्प्रेसर अचानक कमी पडू लागला म्हणून मला बोलावणाऱ्यांपैकी कित्येकांचा कॉम्प्रेसर ठणठणीत असतो; झिजलेले असते ते नोझल. म्हणून योग्य मापाच्या ड्रिल बिटाची मागची गुळगुळीत दांडी नोझलमध्ये घालून छिद्र किती वाढले ते पाहण्याची सवय ठेवावी.

इतर हत्यारांची गरज पाहिली तर डीए सँडर (गोल फिरत घासणारे हत्यार) १० ते १२ सीएफएम घेतो आणि एचव्हीएलपी स्प्रे गन (कमी दाबाने जास्त हवा सोडणारी रंगाची गन) १० ते १५. ही दोन्ही हत्यारे सलग चालणारी आहेत, त्यामुळे त्यांचा आकडा जसाच्या तसा धरावा. इम्पॅक्ट रेंचच्या खोक्यावर ४ किंवा ५ सीएफएम लिहिलेले असते, परंतु तो आकडा बहुतेक वेळा मिनिटातील पंधरा सेकंदच हत्यार चालेल असे गृहीत धरून काढलेली सरासरी असते. नट खोलण्यासाठी ते गृहीतक बरोबर आहे. डाय ग्राइंडरच्या (छोटे घासचाक फिरवणाऱ्या हत्याराच्या) बाबतीत मात्र ते फसवे ठरते, कारण ग्राइंडर एकदा हातात घेतला की आपण तो मिनिटभर सोडत नाही.

आता पाटीवरच्या आकड्यांविषयी. कॉम्प्रेसरच्या पाटीवर जो सीएफएम छापलेला असतो तो पुष्कळदा पंपाचे डिस्प्लेसमेंट असते, म्हणजे पिस्टन पुढेमागे होताना जेवढी जागा व्यापतो ती. हत्याराला मिळते ती फ्री एअर डिलिव्हरी, म्हणजे पंपातून प्रत्यक्षात बाहेर पडणारी हवा. सिंगल स्टेज पंपात ती डिस्प्लेसमेंटच्या ६० ते ७५ टक्के भरते आणि चांगल्या टू स्टेज पंपात ७५ ते ८५ टक्के. विक्रेत्याकडून सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक (पिस्टनची एका बाजूची चाल) आणि पंपाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) मागून घ्यावे आणि आकडेमोड स्वतः करावी. समजा, मोठ्या सिलिंडरचा व्यास १० सेंटिमीटर आणि स्ट्रोक ८ सेंटिमीटर आहे. पिस्टनचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणून एका फेऱ्यात ६२८ घन सेंटिमीटर हवा ओढली जाते. ९५० आरपीएमला मिनिटाला सुमारे ५९७ लिटर, म्हणजे २१ सीएफएम. त्याचे ८० टक्के धरले तर हातात १७ सीएफएम पडतात. टू स्टेज पंपात फक्त मोठा, कमी दाबाचा सिलिंडर मोजायचा असतो, कारण लहान सिलिंडर बाहेरची नवी हवा ओढत नाही. मोठ्याने दाबलेलीच हवा पुढे दाबतो. दोन्ही सिलिंडरांची बेरीज करून आकडा सांगणारा विक्रेता एक तर अजाण आहे किंवा आपल्याला अजाण समजतो आहे.

एचपीच्या आकड्यालाही अशीच एक साधी कसोटी आहे. खऱ्या ५ एचपी मोटरच्या दांड्यावर ३.७३ किलोवॉट मिळतात आणि त्यासाठी ती तारेतून सुमारे साडेचार किलोवॉट ओढते. २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सॉकेटमधून ३.६८ किलोवॉटपेक्षा जास्त मिळतच नाहीत. तेव्हा ५ एचपी लिहिलेला जो कॉम्प्रेसर साध्या १६ अँपिअरच्या पिनवर आनंदाने चालतो, तो ५ एचपीचा नाही. मोटरच्या स्वतःच्या पाटीवरचे किलोवॉट आणि अँपिअर वाचावेत, टाकीवर चिकटवलेले रंगीत स्टिकर वाचू नये.

टू स्टेजचा आग्रह मी केवळ जास्त हवेसाठी धरत नाही, उष्णतेसाठी धरतो. हवा दाबली की तापते. ३० अंशांच्या आसपासची हवा एका दमात ८ बारपर्यंत दाबली, तर सैद्धांतिक तापमान २९० अंश सेल्सियसच्या घरात जाते. सिलिंडरच्या पंख्यांतून उष्णता निघून जाते म्हणून प्रत्यक्षात ते कमी राहते, पण तेल करपायला पुरेसे असते. तेच काम दोन टप्प्यांत केले आणि मधल्या इंटरकूलरच्या नळीत हवा थंड होऊ दिली, तर प्रत्येक टप्प्याचे सैद्धांतिक तापमान १४० अंशांच्या आसपास थांबते. सतत राबवलेल्या सिंगल स्टेज पंपाचे हेड मी जेव्हा उघडतो, तेव्हा व्हॉल्व्ह प्लेटवर काळ्या कोळशाची खरखरीत साय चढलेली असते, नखाने खरवडली तर पापुद्रे निघतात. असाच एक पापुद्रा व्हॉल्व्हच्या पट्टीखाली अडकला की ती पूर्ण बसत नाही, तापलेली हवा मागे येते, पुन्हा दाबली जाते आणि आणखी तापते. एकदा हे चक्र सुरू झाले की पंप फार काळ टिकत नाही. पिस्टन कॉम्प्रेसर ५० ते ७० टक्के वेळच चालावा अशा बेताने निवडण्याची शिफारस याच कारणासाठी असते, आणि सँडब्लास्टिंग करताना आपल्या ५ एचपी यंत्रालाही अर्ध्या तासाने थोडी उसंत द्यावी, असे मी सांगेन.

मग पिस्टनऐवजी फिरत्या स्क्रूंनी हवा दाबणारा स्क्रू कॉम्प्रेसर थेट का घेऊ नये, असेही विचारले जाते. तो शंभर टक्के वेळ चालू शकतो आणि आवाजही बराच कमी करतो. परंतु त्याच्या तेलाला सलग चालून तापण्याची गरज असते. आठवड्यातून दोनदा दहा-दहा मिनिटे चालवलेल्या स्क्रूमध्ये तेल पुरेसे तापत नाही, हवेतले पाणी उडून न जाता तेलात साठते आणि बेअरिंगे गंजतात. दिवसभर चालणाऱ्या कारखान्यात स्क्रू शोभतो. सुट्टीच्या दिवशी उघडणाऱ्या गॅरेजात मी तो सुचवत नाही.

विजेच्या जोडणीविषयी आपली शंका रास्त आहे. ५ एचपीची सिंगल फेज मोटर पूर्ण भाराला २२ ते २५ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच ते सात पट करंट ओढते. त्यासाठी मीटर बोर्डापासून स्वतंत्र तार, सामान्य अंतरासाठी किमान ६ चौरस मिलिमीटर तांब्याची, मोटरसाठी योग्य वर्गाचा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच), ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की मोटर बंद करणारा भाग) असलेला स्टार्टर आणि खात्रीचे अर्थिंग हवे. मंजूर भार पुरेसा आहे का हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्यावे. थ्री फेज मिळत असेल तर प्रश्नच मिटतो, कारण थ्री फेज मोटर शांतपणे सुरू होते, कपॅसिटरची कटकट नसते आणि मोटर टिकतेही जास्त. थ्री फेज नसेल तर सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी (मोटरचा वेगही बदलता येणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) हा चांगला मार्ग आहे, मात्र तो मोटरपेक्षा बऱ्याच मोठ्या क्षमतेचा घ्यावा लागतो, आणि पंपाचा वेग फार खाली आणू नये, कारण असे बहुतेक पंप क्रँकच्या फटक्याने उडणाऱ्या तेलावर वंगण मिळवतात. वेग पडला की तेल उडत नाही.

एक्स्टेन्शन बोर्डावर मोठा कॉम्प्रेसर कधीही लावू नये. बारीक लांब तारेत व्होल्टेज पडते आणि मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज १० टक्के पडले की जोर १९ टक्के जातो. मोटर नुसती हुंकारते, फिरत नाही आणि जळते. लांब न्यायचेच असेल तर हवेचा होज लांब न्यावा.

पाण्याचा विषय खरेदीच्या वेळी कोणी काढत नाही आणि रंग मारताना तोच सर्वांत महागात पडतो. ३० अंश तापमानाच्या आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत प्रत्येक घनमीटरमागे सुमारे २१ ग्रॅम पाणी असते. १७ सीएफएमचा पंप तासाला सुमारे २९ घनमीटर हवा ओढतो. ती ८ बारला दाबून पुन्हा ३० अंशांवर आली, की त्यातले जवळपास अर्धा लिटर पाणी द्रवरूपात बाहेर पडते. हे दर तासाचे आहे. टाकीत ते साचते आणि होजमधूनही पुढे येते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका बॉनेटवर क्लिअर कोट मारत असताना शेवटच्या हाताला गनमधून एक बारीक थुंकी आली आणि काचेसारख्या पृष्ठभागावर वाटाण्याएवढे पांढुरके डाग उमटले. पूर्ण बॉनेट पुन्हा घासावे लागले. फिल्टर होता, पण मी तो कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच लावलेला होता. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपात असते आणि वाफ कोणताही साधा फिल्टर अडवत नाही. आधी हवा थंड झाली पाहिजे, मगच पाणी अडवता येते. म्हणून सात-आठ मीटर धातूचा पाइप भिंतीवरून फिरवून त्याच्या शेवटी वॉटर सेपरेटर लावावा. पाइपला दर मीटरला एक सेंटिमीटर उतार द्यावा, हत्यारांसाठीचे फाटे पाइपच्या वरच्या अंगाने काढून खाली वळवावेत आणि सर्वांत खालच्या टोकाला ड्रेन कॉक ठेवावा. पंप आणि टाकी यांच्यामध्ये पंख्याचा आफ्टरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) बसवता आला तर निम्मे काम तिथेच होते. वारंवार रंगकाम करणार असाल तर रेफ्रिजरेटेड ड्रायर (हवा फ्रीजसारखी थंड करून पाणी काढणारे यंत्र) घ्यावा, आणि पैशांची ओढाताण असेल तर टाकीचा आकार कमी करून ड्रायर घ्यावा, इतपत मी त्याला महत्त्व देतो.

या पाइपसाठी पीव्हीसी वापरू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पीव्हीसी पाण्याचा दाब सोसते, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ऊर्जा धरून ठेवते आणि उष्णतेने ठिसूळ झालेला पीव्हीसी पाइप फुटला की त्याच्या धारदार कपच्या गोळ्यांसारख्या उडतात. जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंड), तांबे किंवा हवेसाठीच बनवलेला ॲल्युमिनियमचा पाइप घ्यावा. १७ सीएफएमला पाऊण इंची पाइप पुरेसा आहे. कॉम्प्रेसर आणि पाइप यांच्यामध्ये लवचीक होजचा तुकडा असावा, नाहीतर कंपनांनी सांधे सैल होतात. गनकडे जाणारा होज आतून १० मिलिमीटरचा असावा. बारीक होज आणि स्वस्त कपलर यांत दीड-दोन बार सहज हरवतात आणि दोष कॉम्प्रेसरला लागतो.

टाकीबाबत तडजोड करू नये. १२ बारला भरलेल्या २५० लिटरच्या टाकीत सुमारे ४ लाख ज्यूल ऊर्जा असते. एक टन वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावताना साधारण तेवढीच ऊर्जा बाळगते. टाकीवर उत्पादकाची कोरलेली पाटी, तिच्यावर कमाल दाब, निर्मितीचे वर्ष आणि चाचणीचा दाब असायलाच हवा. जुना कॉम्प्रेसर घेत असाल तर तळाचा ड्रेन उघडून पाहावे. स्वच्छ किंवा फिकट पाणी आले तर ठीक; विटकरी गाळ आणि पापुद्रे आले तर हवेने नव्हे, पाण्याने दाब देऊन केलेली हायड्रो टेस्ट आणि अल्ट्रासॉनिक जाडीमापन झाल्याशिवाय टाकीला हात लावू नये. छिद्राला वेल्डिंग करून दिलेली टाकी फुकट मिळाली तरी नाकारावी. सेफ्टी व्हॉल्व्ह सतत उडतो म्हणून त्याची स्प्रिंग आवळणाऱ्यांना मी पाहिले आहे. तो उडतो आहे याचा अर्थ बहुधा प्रेशर स्विच (टाकी भरली की मोटर बंद करणारा) बिघडला आहे, आणि दुरुस्ती तिथे करायची असते.

जागा ठरवताना पट्ट्याचे चाक भिंतीपासून किमान ४५ सेंटिमीटर दूर ठेवावे, कारण त्याच चाकाचे आरे पंखा होऊन पंपावर वारा घालतात. मोटर ओढते ती जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होते, म्हणजे बंद खोलीत साडेचार किलोवॉटचा हीटर लावण्यासारखेच आहे. रंगकामाच्या जागेत मात्र कॉम्प्रेसर नको, कारण प्रेशर स्विचच्या ठिणगीला थिनरची वाफ पुरेशी असते. बेल्ट ड्राइव्हचा पंप ८०० ते १००० आरपीएमने फिरतो, म्हणून डायरेक्ट ड्राइव्हच्या २८०० आरपीएमपेक्षा त्याचा आवाज खर्जातला आणि सुसह्य असतो, तरीही तो ८५ डेसिबलच्या आसपास जातो आणि कानांना संरक्षण लागतेच. हवा ओढण्याचा फिल्टर जाड नळीने भिंतीबाहेर नेला तर आवाजात लक्षणीय फरक पडतो. या कॉम्प्रेसरची हवा श्वासाच्या मुखवट्याला मात्र कधीही जोडू नये; तिच्यात तेलाची वाफ आणि कधी कार्बन मोनॉक्साइडही असू शकतो.

यंत्र घरी आल्यावर चाकाची फिरण्याची दिशा बाणाशी जुळते का ते पाहावे, कॉम्प्रेसरसाठीचेच तेल भरावे (गाडीच्या इंजिनाचे डिटर्जंट तेल पाणी धरून ठेवते आणि व्हॉल्व्हवर कोळसा वाढवते), आणि टाकीचा कॉक उघडा ठेवून पंप अर्धा तास बिनदाबाचा चालवावा. पहिले तेल ५० तासांत बदलावे आणि त्याच वेळी पट्ट्याचा ताण व हेडचे बोल्ट उत्पादकाने दिलेल्या मापाप्रमाणे तपासावेत. एकदा टाकी भरून रात्रभर बंद ठेवावी. सकाळी काटा बराच उतरलेला दिसला तर साबणाच्या फेसाने सांधे शोधावेत, कारण १ मिलिमीटरचे छिद्रही ६ बारला मिनिटाला सुमारे ६० लिटर हवा घालवते.

त्यानंतर घड्याळ लावून टाकी ६ बारवरून ८ बारवर यायला किती सेकंद लागतात ते मोजावे. २५० लिटरच्या टाकीला ६० सेकंद लागले तर पंप मिनिटाला ५०० लिटर, म्हणजे साडेसतरा सीएफएम देतो आहे. ७५ सेकंद लागले तर १४ सीएफएम. शक्य असेल तर हे मोजमाप खरेदीपूर्वी विक्रेत्यासमोरच करावे. मिळालेला आकडा तारखेसह टाकीवर मार्करने लिहून ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावा. वेळ दहा-बारा सेकंदांनी वाढलेली दिसली की हेड उघडून व्हॉल्व्ह प्लेट साफ करायची वेळ झाली असे समजावे.